आजारपणाचा पहिला खर्च : बचत गट आणि ग्रामीण आरोग्यसेवा



सांगली जिल्ह्याच्या नकाशावर कडेगाव हा तसा तरुण तालुका. २००२ साली खानापूर तालुक्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४३ हजार इतकी नोंदली गेली. गुहागर-विजापूर रस्त्यावर, पश्चिमेस कऱ्हाड आणि पूर्वेस विटा यांच्या मध्ये वसलेला हा भाग एके काळी अवर्षणासाठीच ओळखला जाई. ताकारी आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी चढावर आणले, माळावर ऊस उभा राहिला, वांगीस सहकारी साखर कारखाना आला आणि तालुक्याच्या बऱ्याच भागाचे रूप पालटले. तरीही ज्यांच्या नावावर जमीन नाही, किंवा असलीच तर एक-दोन एकर कोरडवाहू माळ आहे, आणि ज्यांची चूल भांगलण, लागण व तोडणी यांच्या रोजंदारीवर पेटते, त्या कुटुंबांचा वर्षाचा हिशेब आजही एका गोष्टीने कोलमडतो. ती गोष्ट म्हणजे आजारपण.

आजारपणाचा खर्च म्हटला की शस्त्रक्रियेचे मोठे बिल डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात खर्चाची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी होते. कऱ्हाडला किंवा सांगली-मिरजेस जाण्याचे भाडे, रुग्णासोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज, रक्ताची तपासणी, बाहेरून आणावी लागणारी औषधे, घरी राहिलेल्या मुलांची आणि जनावरांची सोय, असा हा पहिला खर्च असतो. तो शेकड्यांत किंवा फार तर काही हजारांत असतो; परंतु तो रोख असतो आणि त्याच दिवशी लागतो. हातात तेवढी रक्कम नसली की दुखणे अंगावर काढले जाते. त्यातही घरातील बाईचे दुखणे सर्वांत शेवटी दवाखान्याची पायरी चढते. पुढे जेव्हा जावेच लागते तेव्हा रोग वाढलेला असतो, खर्च कितीतरी पटींनी वाढलेला असतो आणि पैसा सावकाराकडून, मुकादमाच्या उचलीतून किंवा डोरले गहाण ठेवून उभा केलेला असतो.

बचत गट आणि आरोग्यसेवा यांची सांगड घालण्याचा विचार करावयाचा तो या पहिल्या खर्चाच्या जागी. मोठ्या उपचारांचा भार गटाने उचलावा अशी अपेक्षा कोणी करू नये. तो भार उचलणे हे शासनाचे कर्तव्य आहे. गटाची पेटी घरापासून रुग्णालयाच्या दारापर्यंतची वाट सुकर करू शकते, आणि गरिबाच्या आयुष्यात पुष्कळदा तीच वाट सर्वांत लांब ठरते.

शासनाच्या योजना आणि राहिलेले अंतर

गेल्या दोन दशकांत सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात अनेक पावले टाकली गेली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगावी आशा कार्यकर्ती आली. २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने शासकीय संस्थांतील प्रसूती, औषधे, तपासण्या, आहार आणि ने-आण विनामूल्य केली. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात धावू लागली. २०१२ साली आठ जिल्ह्यांत आरंभ झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये संपूर्ण राज्यास लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. प्रारंभी कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत असलेले तिचे संरक्षण जुलै २०२४ पासून पाच लाखांपर्यंत वाढले आणि शिधापत्रिकेच्या रंगाचा अडसरही दूर झाला. त्याआधी, १५ ऑगस्ट २०२३ पासून, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क करण्यात आले.

या सर्वांचा परिणाम आकड्यांतही दिसतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे यात शंका नाही. तथापि १०० रुपयांतील ३९ रुपये अद्यापि कुटुंबालाच मोजावे लागतात हाही त्याचाच अर्थ होय.

हा उरलेला भार मुख्यतः कोठे पडतो? विमा योजना रुग्ण खाटेवर दाखल झाल्यानंतर कामास येते. रक्तदाबाची आणि मधुमेहाची रोजची गोळी, बाह्यरुग्ण तपासणी, बुडालेली मजुरी, सोबत्याचा मुक्काम या गोष्टी तिच्या कक्षेत सहसा येत नाहीत. शिवाय शिधापत्रिकेवरील नाव आणि आधारपत्रावरील नाव जुळत नाही, सुनेचे नाव अद्याप माहेरच्याच पत्रिकेवर आहे, कोणते रुग्णालय योजनेत आहे हे ठाऊक नाही, अशा लहान अडचणींनी मोठा हक्क हातचा निसटतो. रुग्णालयात आरोग्यमित्र असतो; परंतु त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच कागदपत्रे तयार असावी लागतात. ती रात्री अकरा वाजता, रुग्ण गाडीत घातलेला असताना तयार होत नाहीत.

सहकार आणि पंचायत राज्य : एकाच मातीतील वारसा

कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात महाराष्ट्राचा सहकारी संस्था अधिनियम, १९६० आला आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कारभार सुरू झाला. एका कायद्याने शेतकऱ्याच्या पतपुरवठ्यास बळ दिले, तर दुसऱ्याने प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र लोकप्रतिनिधींच्या देखरेखीखाली आणले. दोन्ही व्यवस्था गावातच नांदतात. मात्र आजही अनेक गावांत सोसायटीचे कार्यालय आणि आरोग्य उपकेंद्र शेजारी असूनही एकमेकांना ओळखत नाहीत. पतसंस्थेला सभासदाचे कर्ज ठाऊक असते, त्याचा आजार ठाऊक नसतो. आरोग्यसेविकेला आजार ठाऊक असतो, त्यापायी झालेले कर्ज ठाऊक नसते.

महिलांच्या बचत गटांनी या दोहोंमधील जागा भरून काढण्याची शक्यता निर्माण केली आहे. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना २४ फेब्रुवारी १९७५ रोजी झाली. १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला. २०११ पासून ‘उमेद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने गट, ग्रामसंघ आणि प्रभागसंघ अशी रचना उभी केली. आरंभी गटांसमोर पंचसूत्री होती : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशेबाच्या नोंदी. पुढे तिची दशसूत्री झाली आणि तीत आरोग्याची काळजी, शिक्षण, पंचायत राज संस्थांतील सहभाग, शासकीय योजनांचा लाभ व शाश्वत उपजीविका यांची भर पडली. ग्रामसंघाकडील जोखीम प्रवणता निधी तर आजारपणासारख्या संकटांचाच विचार करून ठेवलेला आहे. म्हणजे आरोग्य हा विषय गटाच्या कार्यक्रमात बाहेरून घुसडावयाचा नाही. तो तेथे आहेच. बैठकीच्या इतिवृत्तात तो प्रत्यक्ष कितीदा येतो, हा खरा प्रश्न आहे.

इतरांच्या अनुभवातून

या वाटेने पूर्वी गेलेल्यांचे अनुभव उपयोगी पडतील. अहमदाबाद येथे असंघटित क्षेत्रातील स्त्रियांसाठी १९७४ मध्ये सेवा बँक स्थापन झाली. सभासदांची कर्जे का थकतात याचा शोध घेता आजारपण, बाळंतपण आणि मृत्यू ही त्यामागची मोठी कारणे असल्याचे दिसून आले. तेव्हा कर्जदार स्त्री बुडवी नसून आजारी आहे, हे ओळखून संस्थेने आरोग्याचे काम हाती घेतले आणि १९९२ पासून एकात्मिक विम्याची योजना चालविली.

पुण्यात आणि मुंबईत वस्त्यांमधील कष्टकरी स्त्रियांसाठी काम करणाऱ्या अन्नपूर्णा परिवाराने कर्जव्यवहाराच्या जोडीला सभासदांच्याच वर्गणीतून चालणारा परस्पर साहाय्याचा आरोग्य निधी उभारला. शेजारच्या कर्नाटकात २००३ मध्ये कार्यान्वित झालेल्या यशस्विनी योजनेने सहकारी संस्थांच्या सभासद यादीचाच उपयोग केला. माणशी वर्षाला अवघ्या ६० रुपयांच्या वर्गणीत शेतकऱ्यांना शस्त्रक्रियांचे संरक्षण देण्यात आले. मात्र त्यामागे राज्य शासनाचे अर्थसाहाय्य आणि रुग्णालयांचे जाळे होते. २०१८ मध्ये ती योजना राज्याच्या व्यापक आरोग्य योजनेत सामावली गेली आणि २०२२ मध्ये सहकारी सभासदांसाठी पुन्हा सुरू झाली. सहकाराची यादी आणि शासनाचा पैसा एकत्र आले की काय घडते, याचे हे उदाहरण आहे.

याहून जुना धडा जामखेडचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील त्या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. गावातील निरक्षर, पुष्कळदा दलित समाजातील स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकविले आणि महिला मंडळांना त्या कामाचा आधार केले. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्ञान गावातील बाईच्या हाती आले की आरोग्याचे निम्मे काम रुग्णालयाबाहेरच होते, हे जामखेडने दाखवून दिले. आणि बाईच्या हाती पैशाचा हिशेब आला की काय होते, हे सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेने दाखविले. कडेगावच्या गटांना या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत आणावयाच्या आहेत.

कर्ज वेगळे, निधी वेगळा

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गटाने आजारपणासाठी दिलेला पैसा हे बहुधा कर्ज असते. पाच हजार रुपये सावकाराकडून शेकडा पाचने घेतले तर महिन्याला २५० रुपये व्याज जाते आणि ते परत येत नाही. गटाकडून शेकडा दोनने घेतले तर १०० रुपये जातात आणि ते गटातच राहतात. हा फायदा लहान नाही. तरीही कर्ज ते कर्जच. ते फेडावयाचे आहे एका अशा घराने, ज्याचा कमावता हात नुकताच खाटेवर पडला आहे. हप्ता चुकला की इतर सभासदांचा दबाव येतो. आणि आजारी बाई बैठकीस येणेच टाळू लागते. ज्या गटाने तिला सावरावयाचे, तोच तिला दूर लोटतो.

म्हणून आरोग्यासाठी परत न मागावयाचा असा वेगळा लहान निधी असणे इष्ट होय. उदाहरणादाखल एक हिशेब पाहावा. एका ग्रामसंघात १५ गट आणि प्रत्येक गटात १२ सभासद, अशा १८० स्त्रिया आहेत असे धरले आणि प्रत्येकीने नेहमीच्या बचतीखेरीज महिन्याला १० रुपये दिले, तर महिन्याला १,८०० आणि वर्षाला २१,६०० रुपये जमतात. रुग्णालयात जाण्याच्या खर्चासाठी प्रत्येक प्रसंगी ५०० रुपये दिले, तर वर्षात ४३ प्रसंग निभावतात. त्याच निधीतून खासगी रुग्णालयातील ८० हजारांची एक शस्त्रक्रिया करावयाची म्हटले, तर जवळजवळ पावणेचार वर्षांची जमा एका दिवसात संपते.

या साध्या गणितात सर्व धोरण आले आहे. वाहन, तपासणी आणि पहिल्या दोन दिवसांचा खर्च निधीतून व्हावा. बुडालेल्या मजुरीमुळे आलेली ओढाताण गटाच्या अल्पव्याजी कर्जाने भागवावी आणि त्या कर्जाच्या हप्त्यास दोन-तीन महिन्यांची सवलत ठरावाने आधीच द्यावी. मोठा उपचार शासकीय रुग्णालयात किंवा जन आरोग्य योजनेतून व्हावा. या तीन पायऱ्यांची सरमिसळ झाली की निधीही बुडतो आणि गटही मोडतो.

पैसा मिळाला म्हणजे उपचार योग्य झाला असे नव्हे

पैशाची सोय होणे हे अर्धेच काम आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यापुढे आला. तेथील पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यानंतर त्या जिल्ह्यात खासगी रुग्णालयांतील अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. अंगावर काढलेले साधे दुखणे, माहितीचा अभाव, खाडा परवडत नाही ही भीती आणि उचलीच्या पैशाची उपलब्धता या सर्वांचा मेळ बसला की काय अनर्थ होतो, याचा हा इशारा आहे. ज्या ठिकाणी औषधाने भागले असते त्या ठिकाणी कर्ज काढून अवयव गमावला जाऊ शकतो.

यास्तव आरोग्यासाठी रक्कम देताना गटाने एक प्रश्न विचारण्याची रीत पाडावी : शासकीय डॉक्टरांना दाखविले काय? तातडीचा प्रसंग सोडून कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरा सल्ला घेतला जावा. मासिक बैठकीस आशा कार्यकर्तीस किंवा आरोग्यसेविकेस बोलवावे. रक्तदाब, रक्तातील साखर आणि हिमोग्लोबिन यांच्या तपासणीचा दिवस आणि बचतीचा दिवस एकच ठेवला, तर ज्या बाईस दवाखान्यात जाण्याची सवड मिळत नाही तिची तपासणी बैठकीतच होईल.

गोपनीयतेचा विचारही तितकाच महत्त्वाचा. स्त्रियांचे आजार, क्षय, मानसिक त्रास या गोष्टी भरबैठकीत मांडावयास कोणी धजत नाही, आणि ती सक्ती करूही नये. निधीतून रक्कम देण्याचा अधिकार दोघी-तिघींच्या समितीकडे असावा. वहीत रक्कम आणि तारीख लिहावी, आजाराचे नाव लिहू नये.

पंचायत, शाळा आणि कार्यालय यांचे काम

गट एकट्याने हे करू शकणार नाहीत. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीस वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत अबंधित निधीची तरतूद आहे. त्या समितीच्या बैठकीत ग्रामसंघाच्या प्रतिनिधीस स्थान मिळाले, तर कोणत्या वस्तीतून रुग्ण उशिरा येतात, कोणाकडे वाहन नाही, कोणाची गोळी मध्येच बंद पडली, हे पंचायतीस कळेल. ग्रामपंचायतीने वर्षातून दोनदा कागदपत्रे दुरुस्तीचा दिवस ठेवावा आणि शिधापत्रिका, आधार व आरोग्य कार्ड यांतील नावांचा मेळ घालून द्यावा. १०८ ची गाडी येईपर्यंत किंवा ती न लागणाऱ्या रुग्णासाठी गावातील कोणते वाहन किती दराने येईल, हे ठरावाने निश्चित करावे.

शिक्षकांचा वाटाही मोठा आहे. पुष्कळ गटांच्या वह्या सातवी-आठवीतील मुलीच लिहितात. व्याजाचे गणित शिकविताना गटाच्या वहीचे उदाहरण घेतले, तर गणितही शिकून होईल आणि आईचा हिशेबही तपासला जाईल. गैरहजर राहणाऱ्या मुलामागे घरातील आजारपण आहे काय, हे शिक्षकाइतके लवकर दुसऱ्या कोणासही समजत नाही.

गटाबाहेर राहिलेल्यांचा विसर पडू नये. खानापूर-कडेगाव भागातील अनेक कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशाच्या दूरदूरच्या शहरांत गेलेली आहेत. गावी राहिलेल्या त्यांच्या वृद्ध आईवडिलांकडे पैसा येतो, पण दवाखान्यात नेणारा हात नसतो. याउलट ऊसतोडीच्या टोळीबरोबर हंगामात येणाऱ्या बाईस मदतीचा हात हवा असतो, पण तिचे नाव गावातील कोणत्याच यादीत नसते. विधवा, परित्यक्ता आणि ज्यांना महिन्याचे १०० रुपयेही भरता येत नाहीत अशा स्त्रिया तर बचतीच्या नियमानेच बाहेर राहतात. आरोग्य निधीचा नियम करताना त्यांच्यासाठी काही भाग राखून ठेवला, तरच त्या निधीस गावाचा निधी म्हणता येईल.

गटाने मागावयाचे ते

शेवटी एक सावधगिरी. गरीब स्त्रियांनी दहा-दहा रुपये जमवून आजारपणाची सोय केली, म्हणजे उपकेंद्रात औषध नसले तरी चालते, असा अर्थ कोणी काढू नये. बाहेरून आणलेल्या प्रत्येक औषधाची नोंद ग्रामसंघाने ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी ती प्राथमिक आरोग्य केंद्रापुढे व पंचायत समितीपुढे मांडावी. कोणत्या महिन्यात कोणते औषध नव्हते, किती जणींना त्यासाठी किती पैसे मोजावे लागले, हे लिखित स्वरूपात आले की तक्रारीचे रूपांतर नियोजनात होते. अधिकाऱ्यांनीही या वहीकडे आरोपपत्र म्हणून न पाहता आपल्या मागणीपत्रकास मिळालेला आधार म्हणून पाहावे. १८८३ मध्ये जर्मनीने कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला, तेव्हा तेथे कारागिरांचे आणि कामगारांचे लहान लहान साहाय्य निधी पूर्वीपासून अस्तित्वात होतेच. लोकांच्या निधींना कायद्याची आणि मालकांच्या वर्गणीची जोड मिळाली तेव्हाच त्यांचे व्यापक संरक्षणात रूपांतर झाले.

कडेगावचा मोहरम हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी सर्वश्रुत आहे, आणि तेथील उंच ताबूत अनेक हात लागल्याखेरीज जागचे हलत नाहीत. आजारपणाचे ओझेही तसेच आहे. गटाची पेटी, आशा कार्यकर्तीची वही, पंचायतीचा ठराव आणि शासनाचे रुग्णालय हे चार हात एकाच वेळी लागले, तर दुखणे अंगावर काढण्याची वेळ कोणत्याही मजूर स्त्रीवर येणार नाही. पुढच्या महिन्याच्या बैठकीत बचतीची रक्कम मोजून झाल्यावर अध्यक्षांनी एवढेच विचारावे : या महिन्यात कोणाचे दुखणे पैशापायी राहून गेले? त्या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरापासून कामाचा आरंभ होऊ शकतो.